दहाव्याला निघालेले केस

शंकर न्हाव्यानं वस्तरा मंगेशच्या कपाळाशी टेकवला आणि मागं ओढला. केस कापले गेले नाहीत. कातडी सुटावी तसं काहीतरी उचललं गेलं. शंकरनं बोटानं चाचपलं, जरासं ओढलं — आणि माझ्या पोराचे कपाळापासून टाळूपर्यंतचे सगळे केस एका तुकड्यात त्याच्या हातात आले. नदीच्या वाळूत चाळीस-पन्नास माणसं बसलेली. समोर मंगेशच्या वडिलांच्या दहाव्याचे पिंड मांडलेले. "अरे बापा! हे काय व्हय बे?" शंकर ओरडला, आणि अंगावरचा विंचू झटकावा तसं ते त्यानं वाळूत टाकलं.

मागून कोणीतरी म्हणालं, "घ्या! यानं इकलेलं बियाणंही बोगस, अन् केसंही बोगस." आणि माणसं हसली. बाप मेलेल्या पोराला हसली.

हसणं थांबल्यावर वर्षाचे वडील उठले. वर्षा म्हणजे मंगेशची ठरलेली नवरी. साखरपुड्याचं कुंकू लागलं होतं, उन्हाळ्यात लग्न होतं. मुंडण झालं की होणाऱ्या जावयाच्या डोक्यावर ठेवायला ते अमडापूरहून टोपी-दुपट्टा घेऊन आले होते. टोपी हातातच होती. त्यांनी मंगेशकडं पाहिलंच नाही. मला विचारलं, "विहीणबाई, हे तुम्हाले माहीत होतं?"

मी म्हटलं, "मेलेल्या मालकाची आण. मले काहीच माहीत नव्हतं."

मला सगळं माहीत होतं.

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही — सख्ख्या बहिणीला नाही, देवाला नाही. चौथीपर्यंत शिकले, तेवढ्यात जमेल तसं लिहिते. किती माहीत होतं ते आधी ऐका, म्हणजे माझी कीव करायची चूक तुम्ही करणार नाही. ती चूक आमच्या गावानं केली.

मंगेशचे केस चोविसाव्या वर्षी जायला लागले. अठ्ठाविसाव्या वर्षी वर काही राहिलंच नव्हतं. आता केस गेले म्हणून माणूस मरतो का? कापूस वेचायला केस लागतात का? पण तेव्हा आमच्या भागात वावरवाल्याला पोरगी द्यायला कोणी तयार नव्हतं, आणि त्यात टक्कल. मुलगी पाहायला गेलो की मुलीची मावशी आतून डोकावायची आणि लगेच आत जाऊन खुसखुस. एका घरी तर पोहे आलेच नाहीत. उठून आलो. परतीच्या एसटीत मंगेश खिडकीकडं तोंड करून बसला, आणि त्याचे वडील साऱ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाले, "टकल्याले कोन देईन पोरगी?" मी त्यांना गप्प बसा म्हटलं का? नाही म्हटलं. मलाही तेच वाटत होतं.

मग तो केसांच्या डॉक्टरकडं गेला. आधी औरंगाबादला. डोक्याच्या मागचे केस मुळासकट काढून पुढं एकेक लावतात. आठ दिवस तोंड सुजलं, डोळे उघडेनात. भिंतीवर फोटो लावले होते त्या दवाखान्यात — आधी टक्कल, मग जंगल. माझ्या पोराला मिळालं काय? ढेकळात पेरल्यासारखं, इथं चार काड्या, तिथं चार. मंगेश नांदुऱ्याला एका कृषी केंद्रात काउंटरवर कामाला होता, बीटी कापसाच्या बियाण्याच्या पिशव्या विकायचा. मग गावातले लोक सोडतात का? "काय मंगेश, उगवण किती टक्के?" "दुबार पेरणी करतं का?" त्यानं खरंच केली. दुसऱ्यांदा नागपूरला. दुसऱ्यांदाही तेच, आणि वर डोक्याची मागची बाजू देवीच्या वणांसारखी झाली. डॉक्टर म्हणाला, आता मागं काढायला काही उरलं नाही. हे आधी का नाही सांगितलं रे बाबा? तुझ्या पोराचं डोकं असतं तर असंच खणलं असतंस का?

तिसऱ्या खेपेला मंगेशनं कोणाला विचारलं नाही. अकोल्याला गेला आणि पॅच बसवून आला. मी त्याला टोप म्हटलं तर चिडला. "टोप नाही माय, पॅच. टोप नाटकात घालतात." पातळ जाळी, तिच्यात खरे केस ओवलेले, आणि खाली चिकट लावून डोक्याला डकवायचं. वाऱ्यात हलत नाही, आंघोळीत निघत नाही. तो म्हणाला, "आता कापाकापी नाही. हे मले पटलं. माह्या मनानं घेतलं." त्या दिवशी तो आरशासमोर उभा राहून भांग पाडत होता. एकदा डावीकडं, मग उजवीकडं. किती वर्षांनी पाडत होता.

गावाला वाटलं, नागपूरचे केस उशिरा का होईना उगवले. आम्ही तसंच वाटू दिलं.

दर वीस दिवसांनी तो पॅच सोडवावा लागायचा. पुढची बाजू त्याला आरशात दिसायची, मागची दिसत नव्हती. ती मी करायची. मोरीच्या दगडावर तो खाली मान घालून बसायचा. मी औषधात कापूस बुडवून कड सोडवायची, जुनं चिकट खरडून काढायची, डोकं पुसायची, नवं लावायची आणि तळहातानं दाबून धरायची. दोन वर्षं. माझ्या बोटांना त्या जाळीची कड पाठ होती. आणि मी म्हणाले — मले काहीच माहीत नव्हतं.

एवढंच असतं तरी पुष्कळ होतं. एवढंच नाही.

वर्षाचं स्थळ आलं तेव्हा मंगेश मला म्हणाला, "माय, कुंकवाच्या आधी मी तिले सांगून टाकतो." मी म्हणाले, सांगशील तर मी विहिरीत उडी घेईन. अशा धमक्या मी कधीच देत नव्हते. त्या दिवशी दिली. तो बावरला. मी म्हटलं, लग्न होऊ दे, मग सांग. तो म्हणाला, हे बरोबर नाही. मी म्हटलं, बरोबर काय ते मला शिकवू नको. आणि कुंकवाच्या दिवशी वर्षाच्या आईनं त्याच्याकडं पाहून कौतुक केलं, तर मीच पुढं होऊन म्हणाले, "आमच्या घराण्यातच केस दाट." माझ्याच तोंडून निघालेलं वाक्य आहे. नवरा शेजारीच बसला होता — त्याच्या डोक्यावर टोपी होती म्हणून बरं.

त्या साली बोंडअळी आली. बीटीला अळी लागत नाही म्हणून घेतलं, आणि बोंड फोडलं की आत गुलाबी अळी वळवळायची. लोक फुटकी बोंडं आणून मंगेशच्या काउंटरवर आपटायचे. दुकानमालक आत बसायचा, शिव्या काउंटरवरच्यानं खायच्या. वावरात कापसाची पऱ्हाटी उभी असतानाच एका सकाळी मंगेशच्या वडिलांच्या छातीत कळ आली, आणि ते गेले.

आमच्यात दहाव्याला मुलानं नदीवर केस द्यायचे असतात. मेलेल्यासाठी मुलाच्या डोक्यावरचं काहीतरी उतरलं पाहिजे, अशी रीत. सुतकात दहा दिवस डोक्याला हात लावायचा नाही, म्हणून मी ते चिकटही बदललं नव्हतं. आदल्या दिवशी दुपारी मंगेश म्हणाला, "मी घरीच काढून येतो. बाजूचे केस शंकरदादा काढीन." मी म्हणाले, मुंडणाआधीच बोडक्या डोक्यानं नदीवर आलास तर भाऊबंद काय म्हणतील? मी शंकरला सांगते. तो तुला बाभळीमागं नेईल, आधी पॅच काढेल, मग वस्तरा फिरवेल. कोणाला कळणार नाही.

गेले मी शंकरच्या घरी. त्याच्या बायकोनं पाणी दिलं. शंकर ओट्यावर वस्तऱ्याला धार लावत होता. मी त्याला उद्या किती डोकी करायची ते सांगितलं. सकाळी किती वाजता ये ते सांगितलं. आणि परत आले. काय अडलं माझं? न्हाव्यापुढं लाज? ज्यानं माझ्या पोराचं जावळ काढलं, त्याच्यापुढं? घरी मंगेशनं विचारलं, सांगितलं का? मी म्हटलं, सांगितलं.

म्हणून तो बिनघोर बसला. शंकरनं बाभळीमागं नेलं नाही, सगळ्यांसमोर पाटावर बसवलं, तेव्हा त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं. मी पदर सारखा करत राहिले. त्याला वाटलं, मायनं काहीतरी योजलं असेल.

मी आण घेतली तेव्हाही त्यानं माझ्याकडं पाहिलं. तो बोलू शकला असता. "माय, तूच तर चिकटवत होतीस" — एवढं एक वाक्य. तो बोलला नाही. उठला, वाळूतला पॅच उचलून पंच्यात गुंडाळला आणि परत पाटावर येऊन बसला. शंकरला म्हणाला, "दादा, राह्यलेले काढ." वर्षाच्या वडिलांनी टोपी पिशवीत घातली आणि ते जीपकडं निघून गेले.

घरी आल्यावर बायका माझ्याभोवती बसल्या. "पोट्ट्यानं सख्ख्या मायलेही फसवलं वं." माझ्या हातात चहा दिला. मी प्यायले. त्यांनी पाठीवरून हात फिरवला, मी फिरवू दिला. मंगेश दहा हातांवर ओसरीत बसलेला होता, त्याला सगळं ऐकू जात होतं.

तुम्ही म्हणाल, माणसांच्या गर्दीत बाई घाबरली असेल. मीही स्वतःला तेच सांगत होते. महिनाभर सांगितलं. मग एका दुपारी वर्षाचा फोन आला.

घरात मी एकटी. भाजी निवडत होते. ती म्हणाली, "मी वर्षा बोलते. घरच्यांना माहीत नाही मी फोन केला ते." मग थेट विचारलं. "मले टकलाचं काही नाही हो. माझ्या मामाले टक्कल आहे, चांगला मानूस आहे. मले फक्त एकच सांगा, तुम्हाले माहीत होतं का? माहीत असन तर मी समजीन, घरच्या मोठ्यांनी लपवा म्हटलं, त्यानं ऐकलं. मी बाबाची समजूत काढीन. पण जो मानूस आपल्या मायलेही खोटं बोलतो, त्याच्याशी कसं राहू?"

किती सरळ पोरगी! किती सोपं विचारलं तिनं! चार शब्द लागत होते. हो पोरी, माहीत होतं. ना पिंड समोर, ना भाऊबंद, ना शंकर. कोणी हसणारं नव्हतं. नवऱ्याची घेतलेली आण खोटी ठरेल, बायका तोंडावर थुंकतील — इतकंच माझं जाणार होतं. मंगेशचं काय जाणार होतं, तेही मला त्या वेळी नीट कळत होतं. पोरगी ते फोडून सांगत होती. न कळण्यासारखं काही नव्हतंच.

मी म्हटलं, "नाही बाई. मले माहीत नव्हतं."

ती म्हणाली, "बरं. ठेवते." आणि मी भाजी निवडायला बसले. अंबाडी होती. संध्याकाळी मंगेशनं भाकरीसोबत खाल्ली. फोनचं मी त्याला सांगितलं नाही. आजही त्याला माहीत नाही.

लोक मला म्हणतात, म्हातारी मोठी खंबीर, नवरा गेला, पोरानं तोंडाला काळं फासलं, तरी वाकली नाही. कोणी असं म्हटलं की माझ्या अंगाची आग होते. त्यांचा राग येतो, केसांच्या डॉक्टरांचा येतो, केसांवरून माणूस मोजणाऱ्या बायाबापड्यांचा येतो. पण त्यातल्या कोणी फोनवर खोटं बोललं नाही. डॉक्टरनं पोराचं डोकं खणलं. नाव मी घालवलं.

वर्षाचं लग्न पुढच्याच साली झालं, दुसरीकडं. आमच्याकडं त्यानंतर एकही स्थळ आलं नाही. टकलामुळं म्हणाल तर तसं नाही. मायलेही फसवणारा पोरगा, म्हणून.

पॅच मंगेशनं पुन्हा लावला नाही. कृषी केंद्राची नोकरी सुटली, आता वावर पाहतो. मला दवाखान्यात तोच नेतो. नदीवर मी घेतलेल्या आणेबद्दल त्यानं मला कधी एक शब्द विचारला नाही.

तो आता एक्केचाळीस वर्षांचा आहे. एकटा आहे. गावात त्याला लबाड म्हणतात. लबाडी माझी होती. भोगली मंगेशनं.