नऊ आकड्यांचा फोन

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. सोळा वर्षं न्यूज डेस्कवर काढलीत... दोन ठिकाणी खात्री केल्याशिवाय मी आईच्या बोलण्यावरही विश्वास ठेवत नाही!

पुण्याची नोकरी गेली, आठ महिने घरी बसले. मग कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या एका न्यूज पोर्टलकडून संपादकपदाच्या इंटरव्ह्यूला बोलावणं आलं. सकाळी अकरा वाजता पोर्टलचे प्रमुख असलेल्या देसाई सरांनी हातात पाच बातम्या ठेवल्या. "अर्धा तास. छापायच्या लायकीच्या करा."

शेवटची निधन वार्ता होती. नेसरीचे निवृत्त शिक्षक, पाटील गुरुजी. खाली घरचा नंबर. घरी फोन केल्याशिवाय निधन वार्ता सोडायची नाही, ही डेस्कची जुनी शिस्त. परीक्षाच होती, तरी हात शिवशिवले. मोबाईलवरून लावला.

"कोण, पावणं?" म्हातारा, खणखणीत आवाज.

मी चाचरत गुरुजींची चौकशी केली.

"मीच की! बरं केलंस पोरी, इचारलंस. आन् तुज्या सायबाला सांग, त्या दिशी मागल्या दारानं गेलास, चहा ऱ्हायला. राग न्हाय म्हणावं."

फोन बंद. म्हातारा भ्रमिष्ट असावा, असं वाटलं. मी कागदावर लिहिलं — 'छापू नये. व्यक्ती हयात, स्वतः बोलले.'

ते वाचून सर हसले. "अहो, या नंबरात नऊच आकडे आहेत. ती चूक पकडायची होती. घरच्यांना त्रास नको म्हणून मीच एक आकडा काढलाय. गुरुजी मागच्या वर्षी खरंच गेले."

माझं धाबं दणाणलं. नोकरी गेलीच, असं वाटलं. तरी मोबाईल पुढे केला. कॉलच्या यादीत तोच नंबर होता: नऊ आकडे, सव्वा मिनिट. मग गुरुजींचा निरोप सांगितला.

सरांनी उठून केबिनचं दार लावून घेतलं. पत्रकारितेतल्या उमेदवारीच्या काळात त्यांनी फोन न करताच जिवंत गुरुजींची निधन वार्ता छापली होती. दोन दिवसांनी गुरुजी स्वतः ऑफिसात आले, तेव्हा सर मागच्या दारानं पळाले. "माफी मागायची राहिली हो... हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही."

साठीच्या माणसाला असं रडताना पाहून मलाही भरून आलं.

नोकरी मिळाली. तो नंबर नंतर कितीदा लावून पाहिला — लागत नाही. त्या दिवशी कसा लागला, मला अजून कळलेलं नाही.

त्याच दिवशी, तिथेच, सरांनी डोळे पुसून चहा सांगितला. आम्ही दोघंच होतो, पण त्यांनी तीन कप मागवले.