नाव न विचारणारा सर्व्हे

“नाही जी. आमच्या घरी कोनाले काही नाही,” शकुनबाईंनी सांगितलं. मी मोबाईलवर ‘नाही’ दाबलं.

प्रश्न होता, घरात सिकलसेलचा रुग्ण आहे का? अंगणात शेजारच्या पाच-सहा बाया उभ्या होत्या. मी प्रश्न मोठ्याने वाचत होते आणि त्या सगळ्या शकुनबाईंचं उत्तर ऐकत होत्या. त्यांची मुलगी प्रतीक्षा आमच्या फिरत्या दवाखान्यात सिकलसेलच्याच गोळ्या घ्यायची, हे मला पक्कं माहीत होतं. मागच्या घरांतही सगळ्यांनी ‘नाही’च सांगितलं होतं.

सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. तो आईबापांकडून येतो. हाडं, सांधे असे दुखतात की माणूस गडाबडा लोळतो. आमच्या भागात तो घरोघरी आहे आणि घरोघरी लपवलेला आहे, कारण मुलीचं लग्न. आमच्या संस्थेची ही दवाखान्याची गाडी दर आठवड्याला नवेगाव बांधच्या बाजूच्या गावांत जायची. तिथं तापाची, बीपीची, सगळीच औषधं मिळत, त्यामुळे कोण कशासाठी आलं ते कुणाला कळत नसे. रजिस्टरमध्येही सिस्टर सगळ्यांपुढे ‘अशक्तपणा’ लिहायच्या. लोकांचीच तशी विनंती होती.

गाडीला पैसे देणाऱ्या कंपनीला आता नुसता ‘अशक्तपणा’ पटेना. किती घरांना खरंच गरज आहे, याचा ऑनलाइन सर्व्हे करा, नाहीतर गाडी बंद, असा निरोप आला. बजेट शून्य. संस्थेच्या नागपूरच्या सरांनी एक फुकट टूल निवडून लिंक पाठवली. टूल म्हणजे सर्व्हेचा फॉर्म तयार करायची वेबसाइट. याचे ग्राफ फार सुंदर येत. नाव आणि मोबाईल नंबर भरल्याशिवाय मात्र फॉर्म पुढे सरकत नसे. शिवाय सतत रेंज लागायची, म्हणून ज्या अंगणात रेंज येई तिथं लोकांना जमवून विचारावं लागे.

ग्राफ आला. अख्खं वर्तुळ एकाच रंगाचं.

सरांचा फोन आला. “मॅडम, डेटा क्लिअर आहे. पेशंटच नाहीत, तर गाडी कशाला?”

“सर, पेशंट आहेत. लोक सांगत नाहीत.”

“मी डोनरला काय दाखवू? तुमचा अंदाज?”

“मला आठवडा द्या. टूल बदलून बघते.”

“टूल बदलून आजार वाढतो का?”

मला राग आला, पण आठवडा मिळाला.

दुसऱ्या दिवशी शकुनबाई अर्जुनीला बाजारात भेटल्या. मला बाजूला नेऊन म्हणाल्या, “मॅडम, पोरीची सोयरीक जमून राहिली. अन् तुम्ही चारचौघीत विचारून राहिल्या. काऊन सांगू मी?” मग आवाज खाली गेला. “गाडी बंद होते का जी? तालुक्याच्या दवाखान्यात सिकलसेलची रांगच अलग आहे. तिथं उभी राहिली का साऱ्या गावाले माहीत.”

तेव्हा मला नेमकं काय शोधायचं ते कळलं. ऑफिसात बसून एकेक टूल उघडलं. एकात दहाच प्रश्न फुकट होते. एकात मराठी अक्षरांचे चौकोन होत. एक चांगलं होतं, पण उत्तर देणाऱ्याचा ईमेल मागायचं. आमच्या गावात ईमेल कुणाकडे? शेवटी एक अगदी साधं मिळालं. ग्राफ बेंगरूळ. पण ते ऑफलाइन चालायचं, म्हणजे उत्तरं मोबाईलमध्येच राहत आणि रेंज आली की आपोआप जात. शब्दांऐवजी चित्रं टाकता येत. आणि नाव घ्यायची सक्ती नव्हती.

मी नाव काढून टाकलं. आजाराच्या प्रश्नाला फक्त रंग ठेवले. आमच्याकडे तपासणीनंतर रुग्णाला लाल कार्ड देतात आणि ज्याच्या रक्तात आजार आहे पण त्रास नाही त्याला पिवळं. हे रंग सगळ्यांना पाठ. तिसरा चौकोन पांढरा, म्हणजे घरात आजार नाही.

या वेळी मी काही वाचलं नाही. मोबाईल बाईच्या हातात द्यायचा आणि आपण अंगणात थांबायचं. ती घरात जाई, रंग दाबून बाहेर येई. तोवर स्क्रीन पुन्हा कोरी झालेली असे. शकुनबाईंनीही मोबाईल आत नेला आणि गुपचूप परत आणून दिला.

वर्तुळात लाल आलं. पिवळं तर त्याहून कितीतरी जास्त. सर म्हणाले, “लालवाल्यांची नावं पाठवा.”

“नाहीत, सर.”

“म्हणजे?”

“नावं घेतली असती, तर लाल आलंच नसतं.”

गाडी सुरू राहिली. पुढच्या फेरीला शकुनबाई प्रतीक्षाला घेऊन गोळ्यांसाठी आल्या. “माहा रंग तुमाले दिसते का जी, मॅडम?”

“नाही.”

“बरं झालं.”

मला राहवलं नाही. “पोराकडच्यांना सांगितलं का? त्याचंही रक्त तपासायला हवं.”

“मीच सांगन,” त्या म्हणाल्या. “माह्या तोंडानं. तुमच्या मोबाईलनं नाही.”

त्यांनी खरंच सांगितलं. सोयरीक मोडली. मला फार वाईट वाटलं. प्रतीक्षा मात्र त्यानंतरही दर फेरीला येत राहिली, आता आईशिवाय, आणि रजिस्टरमध्ये ‘अशक्तपणा’ऐवजी आजाराचं खरं नाव तिनं स्वतःच लिहायला लावलं.

फुकट टूल घेताना लोक ते काय काय देतं हे बघतात. मी आधी ते काय काय मागतं ते बघते.