समासातली रेघ

वनिताताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांनीच शिकवलेलं काम करत बसले होते. बोईसरच्या आमच्या औषधांच्या कारखान्यातली एक कार्यपद्धती नव्याने निघायची होती. जुनी आणि नवी प्रत शेजारी ठेवायची, आणि मजकूर जिथे बदललाय तिथे समासात उभी रेघ मारायची, म्हणजे वाचणाऱ्याची नजर आधी तिथे जाते. फोनवर त्यांची वहिनी होती. "वनिता गेली गं," एवढंच म्हणाली. मी "हो" म्हटलं, फोन ठेवला, आणि उरलेल्या दोन रेघा मारून पान पुरं केलं. अशी कशी वागले कोण जाणे.

ताई सातपाटीच्या. वडलांची होडी, आई पालघरच्या बाजारात मासळी विकायची. नवरा लवकर गेला, आणि एकुलत्या समीरला वाढवत त्यांनी आमच्या कागदांच्या खोलीत उभा जन्म काढला. मी माकुणसारची, कॉलेजातून थेट त्यांच्या हाताखाली आले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक स्टीलची पट्टी दिली आणि म्हणाल्या, "बदललं तिथं रेघ मारायची. पुढची आवृत्ती निघाली की जुनी रेघ काढून टाकायची. मारायला कोणालाही येतं गं, काढताना डोकं लागतं." एखाद्या साहेबाने अख्ख्या पानात एक शब्द इकडचा तिकडे केला तरी त्या रेघ मारायच्या आणि गंभीर चेहऱ्याने सांगायच्या, "साहेबांनी आज कारखाना वाचवला." दोन गोष्टी मात्र थट्टेत घ्यायच्या नाहीत. आपण तयार केलेला कागद आपण तपासायचा नाही, दुसऱ्याच्या डोळ्यांखालून घालायचा. आणि वाचणाऱ्याची सही तारखेशिवाय घ्यायची नाही. तारीख नसली की कागद परत. "सहीनं कोण ते कळतं, कधी ते नाय कळत," असं म्हणायच्या.

काढताना डोकं का लागतं, ते मला रमणमुळे कळलं. रमण जव्हारकडचा, दर पावसाळ्यात भाताच्या आवणीला, म्हणजे लावणीला, गावी जायचा. एका वर्षी तो नसताना एकाच कागदाच्या दोन आवृत्त्या निघाल्या. पहिलीत टाकीचं झाकण उघडण्याआधी दहाऐवजी पंचवीस मिनिटं थांबायचं ठरलं. दुसरीत हातमोजे बदलले. नियमाप्रमाणे ताईंनी आधीची रेघ काढली आणि हातमोज्यांपाशी नवी मारली. रमण आला, रेघेपुरतं वाचलं, तारखेसह सही केली आणि दहा मिनिटांनी झाकण उघडलं. वाफेने कोपरापर्यंत हात भाजला. आम्ही बघायला गेलो तर तोच ओशाळला होता. "मॅडम, रेघ व्हती तेवढं वाचलं. बाकीचं जुनंच हाय म्हनलं." चौकशीत ताईंचा दोष निघाला नाही, सगळं नियमात बसत होतं. त्या दिवशी डबा न उघडता तशाच घरी गेल्या. पुढे त्यांनी एक वही घातली, कोणी कोणती आवृत्ती शेवटची वाचली त्याची. गावाहून कोणी परत आलं की त्याच्या प्रतीवर मधल्या सगळ्या बदलांच्या रेघा स्वतः पेन्सिलने मारून द्यायच्या. हे काम त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

मग त्या आजारी पडल्या. दर दोन महिन्यांनी तपासणी व्हायची, आणि रिपोर्ट आला की मला बोलावणं. मागचा आणि नवा रिपोर्ट, पेन्सिल, पट्टी सगळं मांडून ओट्यावर बसलेल्या असायच्या. "स्वतःचा कागद स्वतः तपासायचा नसतो," म्हणायच्या. "काय बदललं तेवढं दाखव." मी रेघा मारायचे. कधी दोन, कधी एक. त्या समासावरून अंगठा फिरवायच्या, खाली सही करायच्या, तारीख घालायच्या, आणि चहा टाकायला उठायच्या.

शेवटचा रिपोर्ट एका शनिवारी आला. डॉक्टरांची वेळ दोन आठवड्यांनंतरची होती. समोर बांबूंवर बोंबील वाळत होते. ताई म्हणाल्या, "समीरचं जहाज सोमवारी बंदराला लागतंय. मग तीन आठवडे नुसतं पाणी. रेघ मोठी आली तर सांगते त्याला, उतर म्हणून. नाय तर पोराची नोकरी कशाला मोडू?" मी दोन्ही कागद मांडीवर घेतले. मागच्यात यकृतात गाठी नाहीत असं होतं. नव्यात त्याच जागी अनेक गाठी होत्या. दोनच ओळी. पेन्सिल हातात होती... आणि मी रेघ मारली नाही. डॉक्टर सांगतील, आपण कशाला, असं तेव्हा मनात आलं. खरं तर मी घाबरले. वीस वर्षं अनोळखी माणसांच्या जिवासाठी इमानाने रेघा मारल्या, आणि माझ्या माणसाच्या वेळी हात आखडला.

ताईंनी समासावरून अंगठा फिरवला. "कोरं?"

"कोरंच."

"बरं," म्हणाल्या. सही न करताच कागद फाइलीत ठेवला आणि मला कागदात बांधून बोंबील दिले.

आठव्या दिवशी ताप चढला आणि शुद्ध गेली, ती आलीच नाही. मी रोज दवाखान्यात जाऊन खुर्चीवर बसत होते. तेवढंच हातात होतं. समीर समुद्रावर होता. तो सातपाटीला पोचला तेव्हा बारावंही उरकलं होतं. सोमवारी बंदरावरून त्याने फोन केला होता. आई म्हणाली होती, "सगळं कोरं हाय, तू नीट रहा."

त्यानेच ती फाइल माझ्यापुढे ठेवली. "मावशी, मला यातलं काय कळत नाय. आईला म्हायती होतं काय, एवढं सांगा." मी शेवटचा रिपोर्ट काढला. समासात रेघ होती. बारीक, पट्टीने मारलेली, बरोबर त्या दोन ओळींपाशी. खाली ताईंची सही. म्हणजे आपला कागद त्यांनी आपणच तपासला होता, माझ्या मागून. मी समीरला सगळं सांगितलं. ही रेघ माझी नाही, मी मारायला हवी होती, मारली नाही. आईसारखाच त्याने समासावरून अंगठा फिरवला आणि सहीपाशी थांबला.

"तारीख नाय घातली?"

"नाही."

तारीख सोमवारच्या आधीची असती, तर पोराला न बोलवायचं ताईंनी स्वतः ठरवलं असं म्हणता आलं असतं. नंतरची असती, तर ते मी ठरवलं होतं. जन्मभर तारखेसाठी लोकांचे कागद परत करणाऱ्या बाईने इथेच ती जागा मोकळी सोडली. मुद्दाम, की हात चालत नव्हता म्हणून, ते मला कळत नाही आणि आता विचारणार कोणाला? समीर रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने फाइलीची दोरी बांधली, "तुमच्याकडंच ठेवा," म्हणाला आणि पुढच्या आठवड्यात जहाजावर गेला.

फाइल माझ्या खणात आहे, वर त्यांची पट्टी. वहीही आता मीच चालवते. परवा आवणी उरकून एक बाई कामावर परतली. मधल्या आवृत्त्यांच्या रेघा मी तिच्या प्रतीवर मारून दिल्या, तिने प्रत्येक रेघेवर बोट ठेवून सावकाश वाचलं आणि सही करून कागद माझ्याकडे दिला. तारीख नव्हती. सवयीने मी कागद तिच्यापुढे सरकवला, त्या जागेवर बोट ठेवलं, आणि ते तिथून उचललंच नाही. ती बिचारी विचारत राहिली, "मॅडम, माझं काय चुकलं काय?"