पुसू नये

रेडिओ केंद्रात तिला सगळे टायपिस्टबाई म्हणत. एकतीस वर्षं ती दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत बसून बातम्या, करारपत्रं आणि साहेबांची टिपणं टाइप करत राहिली. साहेबांच्या शुद्धलेखनाच्या चुका ती गुपचूप सुधारायची, आणि साहेब मात्र आपलं शुद्धलेखन चांगलं आहे अशा समजुतीतच निवृत्त झाले.

गाणं तिला वडिलांकडून मिळालं होतं. ते प्रवासी आगबोटीवरच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचे. वर्षातले दहा महिने समुद्रावर, दोन घरी. घरी आले की पेटीतून दूरदेशीच्या जॅझच्या, ब्लूजच्या रेकॉर्डी निघायच्या. शब्द एकही कळायचा नाही, पण त्या रेकॉर्डींवरच्या बायका गायला लागल्या की दुपार जागच्या जागी थांबल्यासारखी वाटायची. वडील म्हणायचे, "ठेक्याच्या पुढं धावू नकोस. मागून चाल, निवांत. ठेका कुठं पळून जात नाही."

ती पंधरा वर्षांची असताना बोट आली आणि वडील आले नाहीत. वाटेतल्या कुठल्याशा बंदरावर उतरले ते परत चढलेच नाहीत, एवढंच कळलं. आईनं त्या दिवसापासून घरात त्यांचा विषय बंद केला. रेकॉर्डी भंगारवाल्याकडे गेल्या. धाकटी बहीण तेव्हा जेमतेम अडीच वर्षांची. तिच्या वाट्याला वडील म्हणून भिंतीवरचा एक रिकामा खिळा आला.

पुढं नोकरी लागली. सव्विसाव्या वर्षी एका सकाळी केंद्रातला रेकॉर्डिस्ट तिच्या दारात आला. हा माणूस बोलण्यात इतका कंजूष, की नमस्कारसुद्धा मानेवर भागवायचा.

"टायपिस्टबाई, दोन मिनिटं खाली येता? मोठे गायक यायचेत. त्याआधी माइकसमोर कुणीतरी हवंय. एक-दोन-तीन म्हटलं तरी चालेल."

ती गेली. स्टुडिओच्या भिंतींना जाड पडदे, पायाखाली गालिचा. दार लागलं आणि जगाचा आवाज कुणी तरी हळूच बंद केल्यासारखा झाला. तिनं डोळे मिटून आकडे म्हणायला सुरुवात केली. चारपर्यंत नीट गेले. पाच जरा लांबला, सहा खाली उतरला, आणि सातच्या पुढं तिला कळेना की आकडे कुठं संपले आणि ती कधीपासून गातेय. काचेपलीकडचा माणूस तिला थांबवत नव्हता. बऱ्याच वेळानं स्पीकरमधून शब्द आले, "बस. छान आहे."

मग हे नेहमीचंच झालं. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. सूर वडिलांच्या रेकॉर्डींच्या वळणाचे, शब्द तिचे. आवाज तिचा मूळचाच जाडसर, काठाला थोडा खरखरीत, पण खाली उतरला की उबेनं भरून यायचा. कचेरीच्या वार्षिक कार्यक्रमात एकदा सगळ्यांनी तिला आग्रह करून उभं केलं, तर चार माणसं समोर दिसताच ती नुसतं पाणी पिऊन खाली बसली. त्या बंद खोलीत मात्र तिला कशाचीच भीती वाटायची नाही. तिथं ती पाण्याखाली चालल्यासारखी गायची. घरी यातलं अक्षरही सांगितलं नाही. आईसमोर तसलं गाणं म्हणजे जखमेवर मीठ. आणि सांगायचं तरी काय? तपासणीची टेप पुसून पुन्हा वापरायची हा केंद्राचा नियम. तिचं गाणं पाटीवरच्या अक्षरांसारखं, ओल्या फडक्यानं गेलेलं.

नऊ वर्षांनी रेकॉर्डिस्टची बदली झाली. जायच्या दिवशी तो तिच्या दारात उभा राहिला. टाइपरायटरकडे बघत म्हणाला, "नवे माइक आलेत. त्यांना फारशी तपासणी लागणार नाही." आणि गेला. तिनं मान हलवली, आणि त्या दिवशीचं एक पत्र तीनदा टाइप केलं.

ती निवृत्त झाली. आई केव्हाच गेली होती. शाळेत शिकवणारी धाकटी आणि ती, दोघीच घरात. पुढं धाकटीही निवृत्त झाली. एकीला पंखा हवा, दुसरीला नको. अशीच वीसेक वर्षं गेली.

मग केंद्र नव्या इमारतीत हलवायचं ठरलं. टेपांचा संग्रह सांभाळणाऱ्या तरुण बाईला कपाटाच्या तळाशी अडतीस डबे सापडले. प्रत्येकावर लाल पेन्सिलीनं लिहिलेलं, 'आवाज तपासणी. पुसू नये.' तपासणी ऐकायला कोण बसतंय! चाळीसएक वर्षं प्रत्येकानं ते डबे बाजूला सरकवून मागचं काढलं होतं. या बाईनंही यंत्र चालतंय का बघायला म्हणून एक टेप लावली, आणि दिवसभर जेवायची विसरली. गाणाऱ्या बाईचं नाव कुठंच नव्हतं. एका टेपवर मात्र पुरुषाचा आवाज होता, "टायपिस्टबाई, जरा माइककडे सरका." त्या धाग्यावरून निवृत्तांच्या यादीत शोधत ती एका सकाळी यांच्या दारात येऊन उभी राहिली.

धाकटीनं दार उघडलं. सगळं ऐकून म्हणाली, "तुमची काहीतरी चूक होतेय. ताई गात नाही. आंघोळीलासुद्धा नाही."

ताई आतून वाटाणे सोलता सोलता बाहेर आली आणि ताट टेबलावर ठेवून बसली. पाहुणीनं पिशवीतून छोटं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. खोलीत एक सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी गायला लागली, सावकाश, सूर ओढत:

आगबोट गेली, धूर मागे राहिला,
आगबोट गेली गं, धूर मागे राहिला,
मी धुरालाच हात हलवत बसले.

धाकटी खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. गाणं संपलं तशी कडाडली, "साठ वर्षं एका छपराखाली राहतोय आपण! आणि तू गातेस हे मला परक्यांनी येऊन सांगायचं?" मग एकदम आवाज उतरला. "ताई, कुठली गं आगबोट?"

"बाबांची."

या घरात तो शब्द इतक्या वर्षांत कुणी उच्चारला नव्हता. पाहुणी चटकन खिडकीबाहेर बघायला लागली.

"मी होते तिथं?"

"माझ्या कडेवर होतीस. तूही हात हलवत होतीस. शेवटचे गेले तेव्हा."

धाकटी खाली बसली. समोरच्या वाटाण्यातला एक दाणा उचलून बोटांत फिरवत राहिली.

जराशानं ताईनं विचारलं, "रेकॉर्डिस्टना कळवलंत?"

"ते गेले, काकू. चार वर्षं झाली. मी त्यांचाही पत्ता काढला होता."

"हं." तिनं हात पदराला पुसले. "लावा तुम्ही रेडिओवर. फक्त शेवटी ते 'बस, छान आहे' म्हणतात ना, तेवढं कापू नका."

त्या उन्हाळ्यापासून दर रविवारी सकाळी एकेक टेप लागली. पत्रं आली. एका परिचारिकेनं लिहिलं की त्या अर्ध्या तासात वॉर्डातले रुग्ण घंटा वाजवत नाहीत. एका सभागृहानं गायला बोलावलं. तिनं हात जोडून नाही म्हटलं. धाकटी मात्र रेडिओ खिडकीत ठेवून आवाज मोठा करायची आणि जिन्यात भेटेल त्याला थांबवून सांगायची, "आमची ताई हो ती."

शेवटची टेप वाजली त्याच्या दुसऱ्या दिवशी धाकटी चपला घालून तयार. "चल, मला धक्का दाखव."

दोघी बसनं बंदरावर गेल्या. प्रवासी बोटी बंद होऊन जमाना झाला होता. धक्क्यावर आता कंटेनर रचलेले, पलीकडे ऊन आणि सपाट पाणी. ताई थोडी पुढं-मागं झाली, मग एका जागी थांबली.

"इथं. साधारण इथंच."

धाकटी तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. वारा खारट होता.

"उंच होते का गं?"

"दारातून वाकून यायचे."

"आणि?"

ताईनं पाण्याकडे बघत दीर्घ श्वास घेतला आणि सांगायला सुरुवात केली.