वेल्डरच्या लेकीचा तारा

वर्कशॉपमध्ये त्याला सगळे ‘ठिणगी’ म्हणायचे, अर्थात पाठीमागे. वेल्डिंगमध्ये हात असा सफाईदार की जोड शोधून सापडू नये, पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर. या रागापायीच दोन वर्षांपूर्वी थोरली लेक घर सोडून गेली. तिला बापाचंच काम शिकायचं होतं. चर्चच्या अंगणात, चार लोकांदेखत तो म्हणाला होता, “लोखंड म्हणजे भातुकली नव्हे. मुलींनी त्याच्या नादी लागू नये.”

तिसऱ्या दिवशी ती नदीपलीकडे गेली, दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये काम शिकली आणि तिथेच नोकरीला लागली. आईशी फोनवर बोलायची. बापाचा विषय निघाला की फोन ठेवून द्यायची.

यंदा नाताळसाठी चर्चच्या मनोऱ्यावर लोखंडी तारा बसवायचा होता. ठिणगीने काम अंगावर घेतलं आणि आठवड्याच्या आत शिडीवरून घसरून उजवं मनगट मोडून घेतलं.

“करणारं माणूस आहे घरचंच,” बायको म्हणाली. “पण अहो, तुमची पावलं तिकडे वळतील तर ना!”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कोणाला न सांगता बसमध्ये चढला.

लेक उकिडवी बसून एका रेलिंगला जोड देत होती. तो दारातच थांबला. जोड असा एकसारखा, जणू मशीनवर टाके घातलेत. तिने मास्क वर केला आणि तिची नजर आधी प्लास्टरवर गेली.

“हाताला काय झालं? आई काही बोलली नाही!”

“मीच नको म्हटलं होतं.”

“काम घेऊन आलात?”

“तारा करायचाय. पण त्याआधी एक बोलायचंय.” आजूबाजूचे कामगार कान टवकारून होते. त्याने डोक्यावरची टोपी काढली. “तेव्हा चार लोकांदेखत बोललो होतो, तर आजही चार लोकांदेखतच सांगतो. चुकलो मी, पोरी.”

तिने झटकन मास्क खाली ओढला. ठिणगी मात्र एकही उडाली नाही. मास्कमागून आवाज आला, “पाचकोनी की आठकोनी?”

पुढचे तीन दिवस बापाच्या शेडमध्ये काम चाललं. ती जोड द्यायची, तो डाव्या हाताने पट्ट्या धरायचा.

“बाबा, हलवू नका.”

“हलवतोय कुठे? थंडी आहे.”

“थंडी म्हणे! घाम पुसा आधी.”

नाताळच्या आदल्या संध्याकाळी मनोऱ्यावर तारा उजळला. पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर ठिणगीची पाठ थोपटली.

“मी नुसता धरला,” तो मोठ्याने म्हणाला. “जोड माझ्या लेकीचे आहेत.”

घरी आईने चार ताटं मांडली. एरवी त्याची प्रार्थना अन्न गार होईपर्यंत चालायची. आज तो “प्रभू, पोरगी घरी आली,” एवढंच म्हणाला. धाकटीला भूक लागली होती. तिने “आमेन” म्हणून टाकलं. आई पदराआड हसली, की रडली, कळलं नाही.

“दोन तारखेला मी परत कामावर जाणार हं, बाबा,” थोरली म्हणाली. “नोकरी नाही सोडणार.”

“सोड म्हणतंय कोण? दोन तारखेला अजून नऊ दिवस आहेत,” तो म्हणाला. “आधी जेव.”