गोपिकाबाईंच्या जिभेचं माप

राजूरच्या गणपतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर गोपिकाबाईंची सरबताची गाडी बावीस वर्षं उभी होती, आणि एवढ्या वर्षांत त्यांना माप शिकवायची कोणाची छाती झाली नव्हती. वाळा, गुलाब, संत्रं अशा तीन बरण्या. साखरेचा पाक, चिमूटभर लिंबूसत, वरून अर्काचे थेंब, मग करंगळी बुडवायची आणि जिभेवर ठेवायची. जीभ म्हणेल तिथे थांबायचं. सून रेणुका बारावी सायन्स. तिने हौसेने मापाचा काचेचा ग्लास आणि ड्रॉपर आणला, तर गोपिकाबाईंनी त्या ग्लासात देवापुढच्या अगरबत्त्या उभ्या केल्या.

गाडी लागायची सुग्रीवच्या हॉटेलाच्या ओट्याला. एका दुपारी सुग्रीव गालात तंबाखू धरून म्हणाला, "मावशी, लोकं अर्धा ग्लास टाकून जाऊन राह्यले. महिनाभर पाहून राह्यलो मी."

"तुम्हाला कसं लागतं?"

"मला तर बराबर लागतं. पण मी एकटा पिऊन गाडी चालंल का? जालन्याचा एक जण सरबताचं मशीन घेऊन यायला तयार हाय. अंगारकीला अर्धे ग्लास दिसले, की जागा त्याची."

"मशीन आणा न्हाईतर विमान आणा," गोपिकाबाई म्हणाल्या. "तुम्हाला बराबर लागतं ना? मंग लोकांचीच तोंडं बिघडली."

घरी येऊन त्यांनी अंगारकीचा पाक लावला, तो रागातच. साखर वाढवली. साखरेखाली वाळा दबला, म्हणून वाळा वाढवला. वाळा कडवट झाला, म्हणून पुन्हा साखर. ही चढाओढ कुठे थांबते? थांबत नाही, बरणी भरते. तीनही बरण्यांची झाकणं घट्ट लावून त्यांनी त्या मुरायला ठेवल्या.

दुसऱ्याच दिवशी दाढ ठणकली. जालन्याच्या डॉक्टरणीने ती काढली आणि सांगितलं, दहा दिवस मिसरी बंद. मिसरी म्हणजे तंबाखू भाजून केलेली काळी भुकटी. गोपिकाबाई ती सकाळ-दुपार दातांना घासायच्या, चाळीस वर्षं. उपासाला चालली, सुतकात चालली, बाळंतपणातसुद्धा चालली. डॉक्टरणीचं त्यांनी ऐकलं नसतंच. ऐकलं ते हिरडीचं, कारण बोट लावलं की डोळ्यांपुढे काजवे. ते दहा दिवस घरातली शेळीसुद्धा त्यांच्या वाऱ्याला उभी राहिली नाही.

अंगारकीला दोन दिवस उरले तेव्हा त्यांनी वाळ्याची बरणी उघडली, करंगळी बुडवली आणि थुंकल्या.

"रेणुके! काय ओतलंस ह्याच्यात?"

"म्या हात न्हाई लावला, आत्या."

"खोटं नको बोलू. खोकल्याचं औषध झालंय हे."

"तुमच्याच हातचं हाय. दाढ काढायच्या आदल्या दिवशीचं. झाकण तुम्हीच लावल्तं."

गोपिकाबाईंनी पुन्हा चाखलं. गुलाब चाखला, तो साबणासारखा लागला. संत्रं चाखून दातांवर दात बसले. मग त्यांनी कनवटीची मिसरीची डबी काढली, उघडली, हुंगली आणि झाकण लावून लांब सारली. रेणुकाने डबीकडे पाहिलं आणि नजर बरण्यांकडे वळवली. पोरीला अक्कल होती.

"पाहून काय राह्यलीस? ओत सगळं नालीत."

"सगळं?"

"तीनही."

नालीला संध्याकाळपर्यंत मुंग्यांची रांग लागली. इकडे ग्लास देव्हाऱ्यातून निघाला, अगरबत्तीची राख धुतली गेली. साखर निम्मी. "थेंब मोज," गोपिकाबाई सुनेकडे न बघता म्हणाल्या. पाच थेंब, चाख. वाळा दूर कुठेतरी. सात थेंब, चाख. वाळा आला, ओल्या मातीसारखा. नऊ थेंबांना तो जिभेला चावला. "सातच." जे काम साखरेला जमत नव्हतं ते लिंबूसताच्या एका चिमटीने केलं. मुरायला वेळ नव्हता, म्हणून बरण्यांवर फडकं बांधून सावलीत ठेवल्या. कच्चा वास तेवढा उडून जावा.

आपली चूक कबूल केली का? छे. "आजकाल साखरच जास्त गोड येऊन राह्यली," एवढंच म्हणाल्या.

अंगारकीला रस्ता माणसांनी भरला. ग्लास परत येत होते ते तळापर्यंत रिकामे, आणि रेणुका ते मुद्दाम ओट्यावरून सुग्रीवला दिसतील असे पालथे रचत होती. सुग्रीव आला, गाल फुगलेलाच. एक ग्लास प्यायला आणि चारचौघांत मोठ्याने म्हणाला, "पाणचट लागून राह्यलं, मावशी! साखर संपली का?"

गोपिकाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. "चूळ भरा."

"काय?"

"तोंडातलं थुका, चूळ भरा, मंग बोला. माझं सरबत असल्या तोंडानं न्हाई तोलायचं."

रांगेतल्या बाया हसल्या. सुग्रीव कोपऱ्यात गेला, थुंकला, दोन चुळा भरून आला. दुसरा ग्लास त्याने हळूहळू संपवला.

"बरं हाय," तो म्हणाला.

"चार दिवस तंबाखू सोडून प्या, अजून बरं लागंल. जागेचं काय ठरलं?"

"उभ्या राहा की, तुम्हाला कोण हलवून राह्यलं?" मग त्याने डोळे बारीक केले. "पण तंबाखूनं चव जाते, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ते विचारू नका," गोपिकाबाई म्हणाल्या. "ग्लास ठेवा खाली. गिऱ्हाईक उभं हाय."