साड्यांखालचं क्रेडिट कार्ड

नातीचं क्रेडिट कार्ड मी दीड वर्ष लग्नातल्या साड्यांखाली कुलपात ठेवलं होतं. आणि माझ्याइतकी हुशार आजी अख्ख्या परभणी जिल्ह्यात नाही, असं मला वाटत होतं.

बरं, मी काही बँकेची पायरी न चढलेली बाई नाही. सगळी नोकरी बँकेत गेली, शेवटची काही वर्षं ताडकळसच्या शाखेत मॅनेजर म्हणून. तिथं तरुण पोरं कर्ज मागायला यायची. कुणाचं कधी काही थकलेलं नसायचं, कारण कधी काही घेतलेलंच नसायचं. क्रेडिट हिस्ट्री म्हणजे घेतलेलं वेळेवर परत केलं का, याची नोंद. ती नसली की कॉम्प्युटर माणसाला ओळखतच नाही. पोरगं चांगलं असूनही मला हात वर करावे लागायचे.

माझ्या नातीचं असं होऊ द्यायचं नाही, हे मी ठरवून टाकलं. प्रज्ञा, माझ्या लेकीची लेक, तेव्हा कॉलेजात होती. पगार नसलेल्यालाही एक कार्ड मिळतं, FD वरचं. आधी बँकेत FD करायची, तिच्यावर कार्ड घ्यायचं. बिल बुडवलं तर शेवटी बँक FD मोडून घेते. परभणीतल्या एका बँकेत मी तिच्या नावावर FD केली, कार्ड काढलं.

इथवर मॅनेजरबाई शहाण्या होत्या.

कार्ड घरी आल्यावर प्रज्ञा म्हणाली, “आजी, मोबाइलचं रिचार्ज मारू का ह्याच्यावर?”

“हात लावायचा न्हाई. रेकॉर्ड कोरं पाहिजे.”

म्हणजे पोरीला परीक्षेला बसवायचं नाही आणि ती पहिली येईल म्हणून वाट बघायची. मॅनेजरबाईंची अक्कल एवढी. त्यावर कडी अशी, की OTP पोरीकडं गेला तर पोरगी खर्च करील, म्हणून मोबाइल नंबर आणि ईमेल दोन्ही माझे ऑफिसचे दिले. पुढं रिटायर झाले. हार, शाल, भाषणं झाली. शाखेच्या चाव्या आणि ऑफिसचं सिम नव्या मॅनेजरच्या, कदमांच्या हवाली केलं आणि घरी आले. कार्ड साड्यांखाली सुखरूप.

प्रज्ञानं अभ्यासिकेत बसून बसून बँकेची परीक्षा काढली. क्लार्क म्हणून निवड झाली. मी गल्लीत पेढे वाटले. बँकेच्या पत्रात एक अट होती: क्रेडिट रिपोर्टमध्ये थकबाकी नको. असलीच तर रुजू होण्याआधी मिटवून, ज्या बँकेचं देणं होतं तिचं पत्र आणायचं.

“बघ,” मी म्हणाले, “आता आजीची किंमत कळंल तुला.”

तिनं मोबाइलवर रिपोर्ट काढला. एका ओळीवर बोट ठेवून तिनं मोबाइल माझ्याकडं वळवला.

“आजी, ओव्हरड्यू म्हंजे थकलेलंच ना?”

“हो. का गं?”

“माझ्या नावापुढं लिहिलंय.”

कार्डाची फी पहिल्या वर्षी माफ होती. दुसऱ्या वर्षाची लागली. कार्ड वापरा नाहीतर कुलपात ठेवा, वार्षिक फी लागतेच, हे मी मागच्या जन्मात विसरले असेन. फी थकली, तिच्यावर दंड आणि व्याज चढलं. FD मोडण्याआधी बँक काही महिने वाट बघते. पण तोवर दर महिन्याची थकबाकी रिपोर्टात जाऊन बसते. हवी होती ती हिस्ट्री तयार झाली होती, उलटी.

रुजू व्हायला आठवडा राहिला होता. प्रज्ञा ताटावरून उठली. जाता जाता एवढंच म्हणाली, “अभ्यास मी केला, नापास तू केलंस.”

दुसऱ्या दिवशी मी परभणीच्या त्या बँकेत. समोर तरुण ऑफिसर.

“मॅडम, दर महिन्याला मेसेज गेलेत.”

“कोणत्या नंबरवर?”

त्यानं नंबर वाचला. पहिल्या चार आकड्यांतच ओळखला, माझा ऑफिसचा नंबर. तिथूनच कदमांना फोन लावला.

“नमस्कार मॅडम! तब्येत काय म्हणते?”

“कदम, प्रज्ञा नावानं कार्डाचे मेसेज यायलेत का तुमच्याकडं?”

“यायलेत की! लय चिवट फ्रॉड हाय मॅडम. पण मी एक बी उघडला न्हाई. तुमीच तर शिकवलंय, अनोळखी मेसेज आला की डिलीट.”

“शाब्बास,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

ऑफिसर मान खाली घालून कीबोर्ड बघत होता. मी पैसे भरले. पावती मिळाली, पण पावतीनं भागणार नव्हतं. रिपोर्ट सुधारायला महिना लागतो. म्हणून काही देणं नाही असं पत्र हवं होतं, नो ड्यूज.

“ते हेड ऑफिसातून येतं मॅडम. आठ-दहा दिवस.”

“तोवर पोरीची नोकरी जाईल.”

“तुमच्या शाखेत किती दिवसांत द्यायचात तुमी?”

खोटं बोलायचं वय राहिलं नव्हतं. “पंधरा दिवस लावायचे.”

तो खळखळून हसला आणि माझ्यासमोरच वर फोन लावला. नंतर रोज दोनदा मी त्याला फोन करून छळलं. रुजू होण्याच्या आदल्या दुपारी पत्र आलं. प्रज्ञानं ते दोनदा वाचलं, फाइलमध्ये ठेवलं आणि फाइल माझ्यापासून लांब नेऊन ठेवली. मी कुलूप काढून कार्ड तिच्या हवाली केलं.

मुलांची क्रेडिट हिस्ट्री लवकर घडवायची असेल तर कार्ड त्यांच्या हातात द्या, नंबर त्यांचाच द्या. महिन्याला एखादं रिचार्ज करू द्या, आलेलं बिल तारखेच्या आत पूर्ण भरायला लावा. आपण फक्त मागं उभं राहायचं. पैसे भरले तरी उशिराची नोंद काही वर्षं रिपोर्टात राहते. माझ्या हुशारीची नोंदही तशीच राहणार आहे, नातीच्या नावावर.

पहिला पगार झाला त्या रविवारी प्रज्ञा घरी आली. माझ्या मांडीवर एक पिशवी ठेवली. आत मोरपंखी साडी. मी किंमत विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, “कार्डावर घेतलीय, बिल मी भरणार हाय. तू फक्त कपाटात ठेवू नको आजी, नेस.”